दाबलेली टिंबं

मला ब्रेल वाचता येतं, आणि तेही डोळ्यांनी, हे कळलं की लोक आधी माझ्या डोळ्यांकडे निरखून बघतात आणि मग विचारतात, "तुम्हाला तर चांगलं दिसतंय! मग शिकलात कशाला?" आता काय सांगायचं, कपाळ! घरचेच तसे म्हटल्यावर बाहेरच्यांना काय बोलणार? माझ्या नवऱ्याने, रअफतने, सगळं आयुष्य कालव्यातल्या टगबोटीवर काढलं. तो म्हणाला होता, "निवृत्त झाल्यावर बायका विणकाम करतात, तू कागद टोचत बसलीस." मी म्हटलं, "तुला तर नाही ना टोचत? चहा पी गप."

शिकले ती शुरूकपायी. शुरूक आमच्या पोर्ट सईदला कॉलेजात इतिहास शिकत होती. जन्मापासून अंध. बाप मासे विकतो, त्यामुळे आवाज बाजारात वाढलेला. आणि बुद्धी अशी की मी मुलींच्या शाळेत इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण अशी पोर माझ्या वर्गात क्वचितच आली. निवृत्तीनंतर मी रोज पोर्ट फुआदहून फेरीबोटीने पलीकडे जायचे आणि कॉलेजच्या ग्रंथालयात या मुलांना पुस्तकं वाचून दाखवायचे. माझा आवाज खणखणीत आहे आणि घरात तो कुणालाच नको असतो.

परीक्षेत अंध मुलांनी उत्तर तोंडी सांगायचं आणि लेखनिकाने ते लिहायचं, ही आमच्याकडची रीत. लेखनिक खालच्या इयत्तेतलाच लागतो, म्हणजे तो पदरचं काही घालणार नाही. कल्पना चांगली आहे हो. पण तिसऱ्या वर्षाला शुरूकच्या वाट्याला जी मुलगी आली, ती चार वाक्यांचं एक करायची. शुरूक जीव तोडून सांगतेय आणि ही आपली, "झालं गं, आलं त्यात सगळं." पुढच्या पेपरला आली ती दयाळू निघाली. तिने आपल्या मनाने दोन ओळी चिकटवल्या. त्या पेपरात चांगले मार्क पडले आणि त्या दिवशी शुरूक जेवली नाही.

"मिस इनायत," ती मला म्हणाली, "एकीने माझ्या ताटातलं खाल्लं, दुसरीने मला भीक वाढली. मला दोन्ही नको. मला माझ्या हाताने लिहायचंय."

हट्ट साधासुधा नव्हता. शेवटच्या वर्षी विभागात जो पहिला येतो त्याला कॉलेज आपल्याकडेच ठेवून घेतं, मुईद म्हणून. म्हणजे पुढचं शिकायचं आणि खालच्यांना शिकवायचं. शुरूकला मुईदा व्हायचं होतं. आमच्या इतिहास विभागात अंध मुईदा तोवर झालेली नव्हती. आणि पहिली यायचं ते स्वतःच्या शब्दांवर, नाहीतर नाहीच, असं तिचं म्हणणं.

परीक्षा समितीचे प्रमुख डॉक्टर ममदूह. माणूस वाईट नाही, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांचं पोट दुखतं. ते म्हणाले, "ब्रेलमध्ये लिहू दे, माझी ना नाही. पण तपासणाऱ्याला वाचता कुठे येतंय? दोन माणसं आणा. एकाने समितीसमोर पेपर मोठ्याने वाचायचा, कारकून तो उतरवून घेईल. दुसऱ्याने मधूनच कुठलीही ओळ तपासायची. आणि वाचणारा कॉलेजचा नको, बाहेरचा हवा."

तपासायला उस्ताद हिल्मी होते. ग्रंथालयातली ब्रेलची खोली तेच सांभाळतात, लहानपणापासून अंध आहेत आणि जीभ वस्तऱ्यासारखी. "वा!" ते म्हणाले, "वाचणाऱ्यावर नजर ठेवायला माझी नेमणूक!" पण वाचणारा कुठून आणायचा? ब्रेल येणारे बाकी सगळे विद्यार्थीच. शुरूक मान खाली घालून बसली होती. ती कधी मान खाली घालत नाही हो. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी शिकते."

निघून गेलं आणि फसले. पहिले काही आठवडे माझी बोटं कागदावरून फिरायची आणि मला सगळीकडे रवाच लागायचा. ही साठीची बोटं, त्यांनी जन्मभर खडू धरला आणि कांदे चिरले, त्यांना टिंबं काय कळणार! शेवटी उस्तादांनी हात टेकले. "बघा, बाई, बघा. डोळ्यांनी बघा. मी काही ते बघू शकत नाही."

तेव्हापासून मी त्यांची 'डोळसबाई' झाले. पण डोळ्यांनी बघणं तरी सोपं असतं का? पांढऱ्या कागदावर पांढरी टिंबं. डोक्यावरचा दिवा लावला की कागद कोराच. उजेड बाजूने, अगदी कागदालगत यावा लागतो, तेव्हा एकेका टिंबाची सावली पडते आणि अक्षर उभं राहतं. सकाळच्या फेरीत ऊन असं आडवं येतं. मी कठड्याशी बसून सराव करायचे, कागद तिरका धरून, ओठ हलवत. एकदा शेजारच्या बाईने कोऱ्या कागदावरून वाचणारी म्हातारी बघून आपलं पोर हळूच पलीकडे ओढलं. मी तिला म्हटलं, "घाबरू नका, अभ्यास करतेय." ती आणखीनच घाबरली.

आणि दिशा! आपलं अरबी उजवीकडून डावीकडे. ब्रेलमध्ये तेच अरबी डावीकडून उजवीकडे वाचायचं. माझं डोकं गरगरायचं. लिहिताना मात्र गंमत. पाटीत कागद अडकवून टोच्याने मागच्या बाजूने टोचायचं असतं, म्हणजे अक्षर पुढे उठतं. त्यामुळे टोचताना अक्षरं उलटी आणि चाल उजवीकडून डावीकडे, आपल्या नेहमीच्या लिहिण्यासारखी. ते मला चटकन जमलं. इतकं की उस्ताद म्हणाले, "डोळसबाई, तुम्ही वाचता कासवासारखं आणि टोचता शिंपिणीसारखं." माझ्या आयुष्यात मला एवढं मोठं प्रशस्तिपत्रक कुणी दिलं नव्हतं.

वसंत संपेपर्यंत मी घडाघडा वाचायला लागले. घडाघडा म्हणजे माझ्या मानाने.

जूनमध्ये परीक्षा सुरू झाली. शुरूक वेगळ्या खोलीत बसून लिहायची, तिच्या टोच्याचा टकटक आवाज जिन्यापर्यंत यायचा. पेपर संपला की जाड कागदांचा तो गठ्ठा तसाच समितीच्या खोलीत यायचा. मी दिवा बाजूला घेऊन वाचायचे, कारकून लिहायचा, उस्ताद मधूनच म्हणायचे, "थांबा, ही ओळ मला द्या," आणि बोट फिरवून म्हणायचे, "बरोबर." डॉक्टर ममदूह मान हलवायचे. काय लिहायची ती पोर! वाचताना माझ्याच अंगावर काटा यायचा. मी इतिहास शिकवला, पण ती इतिहासाशी भांडायची.

शेवटचा पेपर गुरुवारी होता, आधुनिक इतिहासाचा. संपायला उशीर झाला आणि डॉक्टर ममदूहना कैरोची गाडी गाठायची होती. "पेपर कपाटात कुलूपबंद ठेवा. उद्या शुक्रवार, सुट्टी. शनिवारी सकाळी वाचू," असं म्हणून ते निघून गेले. मला ते पटलं नव्हतं. पण बाकी मुलांचे पेपर तसेच कुलपात राहतात, मग हाच का नाही, असं म्हणून मी पर्स उचलली.

शनिवारी खोलीत पाऊल टाकलं तर मॅडम सुहैर डोळ्यांना रुमाल लावून बसलेल्या. उत्तरपत्रिकांचं कपाट त्यांच्या ताब्यात असतं. गोल, हसतमुख बाई, कॉलेजात कुणी उपाशी दिसलं की पर्समधून सँडविच काढतात. मी म्हटलं, "काय झालं? कोण गेलं?"

"मला वाटलं, दमट हवेने कागद फुगलेत," त्या मुसमुसत म्हणाल्या. "सगळे पुरळ उठल्यासारखे. मी असे कधी बघितले नव्हते, आधीचे सगळे थेट तुमच्याकडेच आले ना! असे कागद डीनसाहेबांसमोर जायचे? म्हणून मी ओलसर फडकं फिरवलं आणि वर सगळ्या कॉलेजचे गठ्ठे रचले. छान बसले होते हो, मिस. अगदी इस्त्री केल्यासारखे."

छान बसले होते! त्या बाईने जीव लावून, मायेने, शुरूकचा सगळा पेपर सपाट करून ठेवला होता. चिडायचं तरी कुणावर?

उस्ताद हिल्मींनी पहिला कागद घेतला. बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, डाव्या हाताने, मग उजव्या हाताने. मग म्हणाले, "खरखरीत लागतंय. बस्स. अक्षर नाही लागत."

डॉक्टर ममदूहनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग दुसरी फेरी. सप्टेंबरमध्ये या विषयाला पुन्हा बसेल."

"दुसऱ्या फेरीत नुसतं पास करतात," मी म्हटलं. "वरचा वर्ग मिळत नाही. पहिली कशी येणार ती?"

"मला वाईट वाटतंय, मिस."

"तिला बोलवा. तिला पाठ असेल, ती पुन्हा सांगेल."

"हॉलमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला पेपरात पुन्हा तोंड घालता येत नाही. तुम्ही शिक्षिका होता, तुम्हाला हे मी सांगायचं?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाहेर बाकावर ती मुलगी बसली होती, सकाळपासून, आणि आत आम्ही सगळी शहाणी माणसं तिचं वर्ष हातात धरून बसलो होतो. मी कागद ओढून घेतला. वर ट्यूबलाइट, खाली कोरा कागद. मी उठून खिडक्यांच्या झडपा लावायला लागले.

"बाई, जून आहे!" डॉक्टर म्हणाले.

"घाम पुसा," मी म्हटलं. "ट्यूब बंद करा आणि तो टेबलावरचा दिवा इकडे द्या."

दिवा टेबलावर आडवा टेकवला, उजेड कागदालगत सोडला. काही नाही. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. कुठे कुठे एखादं टिंब होतं, पण शब्द होईना. या रब्ब, म्हटलं, एवढं शिकवलंस ते काय यासाठी? आणि चिडून मी कागद उलटा आपटला.

मागच्या बाजूला खड्डे होते.

ओल्या फडक्याने आणि गठ्ठ्यांनी पुढचा उंचवटा बसवला होता, पण टोच्याने जिथे कागद मागून फाकवला होता तिथलं बारीकसं तोंड मिटलं नव्हतं. आडव्या उजेडात प्रत्येक खड्ड्याला नखाएवढीही नाही, पण सावली होती. अक्षरं अर्थातच उलटी, ओळ उजवीकडून डावीकडे. पण मला ती उलटीच तर जास्त ठाऊक! मी तशीच तर टोचते. मी पहिला शब्द वाचला. मग दुसरा. मग माझा आवाज आपोआप वर चढला आणि कारकून पेन शोधायला लागला.

उस्ताद हिल्मी हळूच म्हणाले, "मागून वाचताय? मागून?" आणि त्यांनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली.

पहिला प्रश्न निम्मा झाला असेल. एक शब्द काही केल्या लागेना. मी कारकुनाला म्हटलं, "इथे जागा सोडा."

डॉक्टर ममदूह म्हणाले, "अर्थावरून बसवा ना काहीतरी."

"अर्थ तिचा आहे, माझा नाही. जागा सोडा."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग टेबलावर पुढे वाकून, अगदी सभ्यपणे म्हणाले, "मिस इनायत, राग मानू नका. पण हे फक्त तुम्हाला दिसतंय. मला कोरा कागद दिसतोय. हिल्मींच्या बोटांना काही लागत नाही. उद्या कुणी तक्रार केली, की इतिहासाच्या निवृत्त बाईंनी कोऱ्या कागदावरून स्वतःच उत्तरं सांगितली, तर मी काय बोलू?"

मी भांडखोर बाई आहे, पण कबूल करते, प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, आणि इतक्या सभ्यपणे नाही. आणि उस्ताद तरी कशाच्या जोरावर शब्द देणार होते? मी म्हटलं, "तूर्त वाचते. नंतर काय करायचं ते करा." आणि पुढची ओळ घेतली.

तिसरा प्रश्न कालव्याचा होता. दुसरा कुठला असणार, आमच्या गावात? शुरूकने खणणाऱ्या मजुरांबद्दल असं लिहिलं होतं की कारकूनही लिहिता लिहिता मान वर करून बघायला लागला. आणि मग ते वाक्य आलं. 'कालवा जहाजांना खुला झाला तो सईदच्या कारकिर्दीत.'

मी ओळीवर बोट ठेवून थांबले.

कालवा खणायला लागले ते सईदच्या काळात. खुला झाला तो त्याच्यानंतर गादीवर आलेल्या इस्माईलच्या. हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, आणि तरी आम्हा पोर्ट सईदकरांची ही खोडच आहे. गावाला नाव त्याचं, म्हणून कालव्यातलं सगळं त्याच्या खात्यावर. माझ्या वर्गात दरवर्षी कितीतरी मुली हेच लिहायच्या, आणि मी तांबड्या शाईने 'इस्माईल! इस्माईल!' लिहून लिहून थकले. आणि आता शुरूकने, माझ्या शुरूकने, परीक्षेच्या घाईत तेच लिहून ठेवलं होतं.

मला एवढंच करायचं होतं की नेहमीच्या सवयीने बोलायचं. इस्माईल हे नाव माझ्या तोंडात तयार बसलं होतं. खोलीत दुसऱ्या कुणाला ते टिंब दिसत नव्हतं, लागत नव्हतं. तिला खरं उत्तर येतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, तिने मला ते शंभरदा सांगितलं होतं. एका शब्दाने तिचे मार्क जाणार, आणि पहिली-दुसरीतलं अंतर तरी कितीसं असतं? खरं सांगते, मला ते नाव घ्यायचं होतं. पोटातून वाटत होतं.

"थांबलात का, डोळसबाई?" उस्ताद म्हणाले.

"कालवा जहाजांना खुला झाला," मी वाचलं, "तो सईदच्या कारकिर्दीत."

डॉक्टर ममदूहनी मान वर केली. "कुणाच्या?"

"सईदच्या."

"मिस, पुन्हा बघा. दमला असाल तुम्ही. उजेडही कमी आहे." त्यांनी ते अगदी मऊ आवाजात सांगितलं. त्यांनाही त्या मुलीचं वाईट व्हायला नको होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी पुन्हा बघितलं. दिवा आणखी खाली केला. खड्डे स्वच्छ होते, सगळ्या पेपरात इतके स्वच्छ खड्डे मला दिसले नव्हते. मेलीने नेमकं तेच नाव जोर लावून टोचलं होतं.

"सईदच लिहिलंय."

"तुम्हाला ठाऊक आहे ना की ते..."

"मी आयुष्यभर हेच शिकवत आले, डॉक्टर! मला नाही ठाऊक तर कुणाला? ती चुकलीय. चुकलीय आणि सईद लिहिलंय तिने. लिहून घ्या!"

मॅडम सुहैर कोपऱ्यात रुमाल तोंडाशी धरून बसल्या होत्या. डॉक्टर ममदूहनी एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा. सईद. जसंच्या तसं." आणि उठून स्वतःच्या हाताने दिवा धरून माझ्या बाजूला उभे राहिले. पेपर संपेपर्यंत उभेच होते. कोऱ्या कागदाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. शेवटी समितीचा शिक्का मारला, सही केली, आणि उस्ताद हिल्मींपुढे कागद सरकवून म्हणाले, "तुम्हीही करा. तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं," उस्ताद म्हणाले. "जे माझी बोटं तपासणार होती, ते कानांनी तपासलं."

निकाल आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. त्या एका नावाने शुरूकचे मार्क गेलेच. गेले तरी ती विभागात पहिली आली, थोडक्यात आली, पण आली. आज ती मुईदा आहे आणि तिचा वर्ग सुरू असला की आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो.

पण तेव्हा हे काही माहीत नव्हतं. तेव्हा मी घामाने निथळत बाहेर आले. शुरूक बाकावर काठी गुडघ्यात धरून बसली होती. माझी चाल तिला ओळखू येते.

"मिस? वाचता आला?"

"आला. दोन-चार शब्द सोडून सगळा."

मला वाटलं, उडी मारेल. ती हललीसुद्धा नाही. "कालव्याचा प्रश्नही?"

"तोही."

"मी काल घरी मासे साफ करत होते," ती म्हणाली, "तेव्हा आठवलं, मी काय लिहून आले ते. मिस, कालवा कुणाच्या काळात खुला झाला? तुम्ही आत काय वाचलंत?"

मी तिच्याशेजारी बसले. आता ही रडणार आणि मी काय तोंडाने समजूत घालणार, हेच डोक्यात. "सईद," मी म्हटलं. "तू लिहिलं होतंस तेच वाचलं, बाळा."

तिने इतका मोठा श्वास सोडला की तिचे खांदे खाली आले. "अल्हम्दुलिल्लाह!"

"अगं वेडे, मार्क गेले तुझे!"

"जाऊ देत." तिने चाचपत माझा हात शोधला. "सकाळी मॅडम सुहैरनी पेपर चपटा झाला म्हणून सांगितलं ना, तेव्हा मी घाबरले नाही. म्हटलं, मिसना दिसेल. मग लक्षात आलं, की दिसलं तर एकट्या मिसनाच दिसेल. आणि मिसचा माझ्यावर किती जीव आहे! तेव्हा मात्र हातपाय गार पडले. सकाळपासून या बाकावर बसून मी एकच दुआ मागतेय, मिस. या रब्ब, आजच्या दिवस त्यांचं माझ्यावरचं प्रेम जरा कमी कर."

मी शाळेत कधी कुठल्या मुलीला जवळ घेतलं नाही, माझा तसा लौकिकच नाही. पण त्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत मी तिला कवटाळून मोठ्याने रडले. इतका अभिमान मला माझ्या पोटच्या मुलांचाही कधी वाटला नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगते.